वाळलेल्या पानांचे दप्तर



सरकारी कामकाजाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला दप्तराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शेताच्या बांधावरून वाद उत्पन्न झाला की तोंडी साक्षी कितीही असल्या तरी अखेर सर्वांची दृष्टी मोजणीच्या नकाशाकडे आणि सात-बाराच्या उताऱ्याकडे वळते. जमिनीचे दप्तर महसूल खाते सांभाळते. जन्म-मृत्यूचे दप्तर ग्रामपंचायतीत असते. शाळेत कोणत्या साली कोण दाखल झाला, हे शाळेच्या नोंदवहीत सापडते. परंतु ज्या जमिनीचा आपण इतका काटेकोर हिशेब ठेवतो त्या जमिनीवर कोणती झाडे, कोणती वेली, कोणती गवते उगवत होती आणि आज उगवतात, याचे दप्तर कोठे असते?

असे दप्तर आहे. मुंबईच्या महापालिका मार्गावर सेंट झेवियर महाविद्यालयाची दगडी इमारत आहे. तेथे कपाटांच्या रांगांमधून लाखाहून अधिक वाळविलेल्या वनस्पती कागदांवर चिकटवून, नावनिशीवार लावून ठेवलेल्या आहेत. कोकणच्या खाड्यांपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत आणि कच्छपासून कारवारपर्यंतचा प्रदेश त्यांत सामावलेला आहे. या संग्रहाचे नाव ‘ब्लॅटर हर्बेरियम’ असे आहे. जगातील वनस्पतिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तो ‘ब्लॅट’ या चार इंग्रजी अक्षरांच्या संक्षेपाने ओळखला जातो. ज्यांच्या नावाने तो चालतो ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर कोण होते, त्यांनी काय केले, आणि त्या वाळलेल्या पानांचा आजच्या ग्रामपंचायतीशी संबंध काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

फादर ब्लॅटर यांचे कार्य

एथेलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. तरुणपणीच त्यांनी येशू संघात प्रवेश केला आणि १९०३ मध्ये ते मुंबईस आले. सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले. पुढे ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मुंबई निसर्गेतिहास संस्थेचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, ते उपाध्यक्षही होते.

ते आले तेव्हा मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा पहिला सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध होत होता. त्याचे कर्ते थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. तो ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. परंतु तो लिहिला गेला इंग्लंडमध्ये, क्यू येथील वनस्पतिउद्यानाच्या संग्रहालयात बसून. कारण तुलनेसाठी लागणारे बहुतेक नमुने तेथे होते. सह्याद्रीतील गवताचे नाव निश्चित करावयाचे तर त्यासाठी समुद्र ओलांडून जावे लागे, अशी त्या काळची स्थिती होती. ब्लॅटर यांनीही युरोपात काही वर्षे काढली व तेथील संग्रह अभ्यासले. १९१५ मध्ये ते मुंबईस परतले. जे दप्तर परदेशात पाहावे लागते ते येथे, मुंबईत, उभे राहिले पाहिजे, हे त्यांच्या पुढील आयुष्यभराच्या कामाचे सूत्र दिसते.

त्यांच्या कामाचा आवाका थक्क करणारा आहे. १९०५ मध्ये, म्हणजे मुंबईत येऊन दोनच वर्षे झाली असताना, त्यांनी इलाख्यातील खारफुटीवर अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला. ज्या चिखलाकडे त्या काळी भराव घालण्याची जागा म्हणून पाहिले जात होते तेथील झाडे खाऱ्या पाण्यात कशी तगतात, त्यांची मुळे श्वास कसा घेतात, इकडे त्यांनी लक्ष वेधले. बरोबर शंभर वर्षांनी, २००५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटीच्या संरक्षणाचा आदेश दिला आणि २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. शास्त्रज्ञाचे टिपण आणि शासनाचा निर्णय यांत कधीकधी शतकाचे अंतर पडते. परंतु टिपण नसेल तर निर्णयाला आधार कोठून मिळावयाचा?

खारफुटीनंतर त्यांनी कच्छच्या वनस्पतींवर लेखमाला लिहिली. फादर हालबर्ग यांच्यासह जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातील वनस्पतींचा अभ्यास केला. तो १९१८ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झाला. सिंधू नदीचा त्रिभुज प्रदेश, एडन, अरबस्तान आणि वझिरिस्तान येथील वनस्पतींवर त्यांनी लिहिले. जे. एफ. डिआल्मेडा यांच्यासह त्यांनी मुंबई इलाख्यातील नेच्यांवर ग्रंथ लिहिला. तो १९२२ मध्ये निघाला. हिंदुस्थान व सिलोनमधील ताडमाडांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९२६ चा. त्यानंतर काश्मीरच्या फुलांवरचे दोन भाग आले. कुक यांच्या ग्रंथात आढळलेल्या उणिवा भरून काढणारी लेखमाला १९२६ पासून निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात सुरू झाली. ती चार्ल्स मॅककॅन या तरुण सहकाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी अखेरपर्यंत चालविली.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे वास्तव्य पाचगणीस होते. १९३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीने ब्रूल स्मृतिपदक सुरू केले, त्याचे पहिले मानकरी ब्लॅटर ठरले. २६ मे १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. मॅककॅन यांच्यासह सिद्ध केलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ १९३५ मध्ये, आणि डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यासह लिहिलेले भारतातील सुंदर वृक्षांवरचे पुस्तक १९३७ मध्ये बाहेर पडले. दोन्ही पाहावयास ते हयात नव्हते. त्यांनी उभारलेला संग्रह मात्र महाविद्यालयात होता. पुढे त्या संग्रहालाच त्यांचे नाव देण्यात आले. विद्वानाचे स्मारक पुतळ्याने होते किंवा सभागृहाच्या नामकरणाने होते. येथे ते त्याच्या कामाने झाले आहे, आणि त्या कामात भर पडत गेली आहे.

एक कागद म्हणजे एक पुरावा

हर्बेरियम म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे. पान, फूल आणि शक्य तर फळ असलेली वनस्पतीची फांदी कागदांच्या घडीत ठेवून दाबतात. कागद वेळोवेळी बदलून ती पूर्ण वाळवितात. नंतर सुमारे बेचाळीस सेंटिमीटर लांब व अठ्ठावीस सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर ती चिकटवितात वा दोऱ्याने टाचतात. कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी असते. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचे कुल, कोणत्या गावी, कोणत्या जागी, कोणत्या दिवशी, कोणी गोळा केली आणि त्या वेळी फुलाचा रंग काय होता, एवढा मजकूर तीवर असतो. रंग लिहावा लागतो, कारण तो वाळल्यावर टिकत नाही.

या चिठ्ठीतच कागदाचे सारे मोल आहे. चिठ्ठी हरवली तर उरतो तो पाचोळा. चिठ्ठी असेल तर शंभर वर्षांपूर्वी अमुक गावच्या ओढ्याकाठी अमुक महिन्यात अमुक वनस्पती फुलली होती, हे निर्विवादपणे सिद्ध होते. शास्त्रीय नाव चुकले असेल तरी हानी नाही. पुढचा अभ्यासक नमुना पुन्हा तपासतो आणि दुरुस्तीची दुसरी चिठ्ठी पहिलीशेजारी चिकटवितो. पहिली चिठ्ठी काढून टाकीत नाहीत. फेरफाराची नोंद होते, मूळ नोंद खोडली जात नाही. महसुली दप्तराची शिस्त ती हीच.

एखादी वनस्पती शास्त्राला नवी असेल तर ज्या नमुन्यावरून तिचे प्रथम वर्णन केले त्याला ‘प्रारूप नमुना’ म्हणतात. त्या नावाचा अंतिम आधार तोच. पुढे कोठेही मतभेद झाला तर ग्रंथातील वर्णनापेक्षा त्या कागदावरील काडीपानाचा शब्द प्रमाण मानतात.

जोगच्या धबधब्यावरील गवत

अशा नमुन्याचे महत्त्व किती, हे एका गवताच्या हकिकतीवरून ध्यानात येईल. लिओनार्ड सेज्विक हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी होते. १९२१ च्या जनगणनेचा इलाख्याचा अहवाल त्यांच्याच हातचा आहे. टी. आर. बेल हे वनाधिकारी कारवारकडे दीर्घकाळ राहिले. हे दोघेही व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. कचेरीचे काम सांभाळून, दौऱ्यावर असताना, ते वनस्पती गोळा करीत आणि काळजीपूर्वक चिठ्ठ्या लिहीत. त्यांच्या संग्रहातील पुष्कळ नमुने ब्लॅटर हर्बेरियममध्ये आहेत.

१९१९ मध्ये या दोघांनी जोगच्या, म्हणजे गिरसप्प्याच्या, धबधब्यापाशी तुषारांनी भिजलेल्या खडकावरील एक नाजूक गवत गोळा केले. ते काय आहे, हे त्या वेळी कोणास कळले नाही. जवळजवळ तीस वर्षे ते कागदावर पडून होते. १९५० च्या सुमारास एन. एल. बोर या गवततज्ज्ञाने ते तपासले तेव्हा ती केवळ नवी जातीच नव्हे, तर अगदी नवी प्रजाती निघाली. क्यू येथील गवतांचे जाणकार हबर्ड यांच्या नावावरून तिला ‘हबार्डिया’ हे नाव मिळाले. तिच्या जातिनामाचा अर्थ ‘सात शिरांची’ असा आहे.

परंतु नाव मिळेपर्यंत जोगची स्थिती बदलली होती. शरावतीच्या पाण्यावर वीजप्रकल्प उभा राहिला होता. १९६४ मध्ये लिंगनमक्कीचे धरण पूर्ण झाले आणि धबधब्याचे पाणी आणखी आटले. पाणी आटले तसे खडकावरचे तुषारही ओसरले. गवताचा शोध घेऊनही ते आढळेना. अखेर ते नष्ट झाले असे समजण्यात आले. वीज देशाला हवीच होती, यात शंका नाही. परंतु प्रकल्पाच्या बदल्यात काय गेले, हे कळण्याचे साधन काय होते? दोन अधिकाऱ्यांनी गोळा करून ठेवलेली ती काडी, एवढेच. ती नसती तर असे गवत होते हेही कोणास कळले नसते.

सुदैवाने हकिकत येथे संपत नाही. २००३ च्या सुमारास कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील प्रा. एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांना कोल्हापूर जिल्ह्यात तिलारी घाटाकडे तेच गवत सापडले. ते ओळखता आले, कारण ओळख पटविण्यासाठी जुना नमुना जपलेला होता. त्यानंतर त्याची रोपे वाढवून ती अन्यत्र लावण्याचे प्रयत्नही झाले. मृत म्हणून नोंदलेले नाव पुन्हा जिवंतांच्या यादीत आले, ते वाळलेल्या एका काडीच्या आधाराने.

परंपरेचे वारस

ब्लॅटर यांच्या नंतर हे कार्य पुढे नेणाऱ्यांत फादर हर्मेनगिल्ड सांतापाव यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. त्यांचा जन्म १९०३ मध्ये स्पेनमध्ये झाला आणि १९२८ मध्ये ते भारतात आले. झेवियर महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी खंडाळ्याचा डोंगर ऋतूमागून ऋतू पायी पालथा घातला. त्या परिश्रमांतून १९५३ मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला आणि पुढे पुरंदरच्या वनस्पतींवरचा. मुंबई परिसरातील आमरींवर त्यांनी झेड. कपाडिया यांच्यासह ग्रंथ लिहिला. सामान्य वाचकांसाठी नेहमीच्या वृक्षांवर लहान पुस्तक लिहिण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. १९६१ ते १९६७ या काळात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १९६७ मध्ये ‘पद्मश्री’ देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. जानेवारी १९७० मध्ये मुंबईस त्यांचे निधन झाले. सह्याद्रीत पावसाळ्यात कंदिलासारखी फुले येणाऱ्या खरपुडीच्या दोन जातींना सांतापाव आणि मॅककॅन यांची नावे देण्यात आली आहेत.

या परंपरेत येथील माणसांचा वाटाही मोठा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात काम केलेले आर. के. भिडे गवतांचे असे जाणकार होते की ‘भिडेआ’ या नावाने गवतांची एक प्रजातीच त्यांच्या स्मरणार्थ ओळखली जाते. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ पासून त्यांचे नाव आहे, आणि तेथेही वनस्पतिसंग्रह आहे. वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील त्याचे ग्रंथ १९९६, २००० व २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्लॅटर हर्बेरियममधून मार्सेलिन आल्मेडा यांनी महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील अनेक खंडांचा ग्रंथ १९९६ पासून सिद्ध केला. आपल्या डोंगरातील गवताचे नाव विचारण्यासाठी आता समुद्र ओलांडण्याचे कारण उरलेले नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर येथे ती सोय आहे. प्रश्न एवढाच की तिचा उपयोग आपण किती करून घेतो.

नावांचा घोळ आणि त्याची किंमत

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. झाडाच्या नावात पुष्कळ आहे. काही उदाहरणे आपल्या रोजच्या व्यवहारातली घेऊ.

दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. बाजारात त्या दिवशी कांचनाच्या फांद्याही आपटा म्हणून सर्रास विकल्या जातात. पाने दोन्हींची जोडपानांसारखी असल्यामुळे घेणाराही फसतो. शाळेच्या आवारात आपण ज्याला अशोक म्हणतो तो सरळसोट वाढणारा, लांब व नागमोडी कडांच्या पानांचा वृक्ष वस्तुतः आसुपालव होय. औषधात ज्याची साल सांगितली आहे तो अशोक वेगळा. त्याला केशरी-तांबड्या फुलांचे घोस येतात आणि लोक त्याला सीतेचा अशोक म्हणतात. दोहोंचे कुलही एक नाही. ब्राह्मीचेही तसेच आहे. वाटोळ्या पानांची, जमिनीवर पसरणारी एक ब्राह्मी; लहान व मांसल पानांची, पाणथळ जागी वाढणारी दुसरी. काही भागांत एकीला, काही भागांत दुसरीला ब्राह्मी म्हणतात, आणि औषध घेणाऱ्याला हा भेद ठाऊकही नसतो.

येथे चूक झाली तर सणाचा विरस होतो एवढेच नव्हे, तर रोग्याला भलतेच औषध जाते. वनौषधींच्या लागवडीसाठी भलतेच रोप वाटले जाते. विक्रीच्या करारात एका वनस्पतीच्या नावाखाली दुसरीच जंगलातून काढली जाते, आणि दोष कोणाचा हे ठरविणे अशक्य होते.

नव्या आगंतुकांची नोंद हाही याच विषयाचा भाग आहे. आज गावोगाव पडीक जमिनीत माजलेले गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, त्याची पुण्याकडील नोंद १९५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. त्यानंतर थोड्याच काळात ते देशभर पसरले. एखादे अनोळखी तण गावात दिसताच कोणी त्याचा नमुना योग्य ठिकाणी पोहोचविला तर ते काय आहे, कोठून आले आणि कितपत धोक्याचे आहे, हे वेळीच कळू शकते. शेत भरून गेल्यावर मग केवळ खर्च उरतो.

पंचायतींचे कर्तव्य

आता हे सर्व पंचायतींच्या दारात कसे येते ते पाहू. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये संमत झाला. त्या कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे, आणि गावकऱ्यांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे प्रमुख काम आहे. महाराष्ट्राचे नियम २००८ मध्ये झाले. गावच्या हद्दीत कोणत्या वनस्पती व प्राणी आहेत, त्यांचा उपयोग कोण कसा करतो, त्याविषयीचे ज्ञान कोणाकडे आहे, या सर्वांची नोंद तीत अपेक्षित आहे. गावाच्या संपत्तीवर गावाचा हक्क सांगावयाचा तर ही नोंदवही म्हणजे त्या हक्काचा कागद आहे.

परंतु कागद खरा असला पाहिजे. शेजारच्या गावच्या नोंदवहीवरून नावे उतरून घेतली, किंवा कचेरीत बसून पुस्तकातील यादी भरली, तर रकाने भरतील; गावाच्या हाती काही लागणार नाही. उद्या औषधाची कंपनी, वन विभाग किंवा न्यायालय विचारील की तुमच्या नोंदवहीत लिहिलेली ही वनस्पती कोणती, तेव्हा दाखविणार काय? स्थानिक नाव गावागणिक बदलते. छायाचित्रात फुलाच्या आतील रचना अनेकदा दिसत नाही. नोंदीच्या मागे नमुना उभा असेल तरच नोंद टिकते. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक वनस्पतीचा, निदान औषधी, खाण्याच्या आणि दुर्मिळ वाटणाऱ्या वनस्पतींचा नमुना किंवा नमुना घेणे योग्य नसेल तेथे तपशीलवार छायाचित्रे तज्ज्ञांकडून तपासून घेणे, हे समितीने आपले काम मानावे.

यात शिक्षकांचा वाटा सर्वात मोठा आहे. गावात आजीबाईंना वनस्पतींची ओळख असते. गुराख्याला कोणते गवत जनावर खात नाही हे ठाऊक असते. मुलांना डोंगरवाटा माहीत असतात. या तिघांना एकत्र आणणारा माणूस म्हणजे शाळेतील गुरुजी किंवा बाई. त्यासाठी खर्च फारसा नाही. जुनी वर्तमानपत्रे, दोन सपाट फळ्या, बांधावयास दोरी आणि नोंदीसाठी वही, एवढे साहित्य पुरे. फूल असलेली फांदी घ्यावी. पाने घडीत एकावर एक येऊ देऊ नयेत. एखादे पान उलटे ठेवावे, म्हणजे पाठीमागची बाजूही दिसते. पावसाळ्यात कागद रोज बदलावेत. नाहीतर बुरशी येते. दोन नमुने घ्यावेत, एक शाळेत ठेवावा व दुसरा तज्ज्ञांकडे पाठवावा. चिठ्ठी त्याच दिवशी लिहावी. उद्या लिहू म्हटले की गावाचे नाव आठवते, ओढ्याचे आठवत नाही. मोठ्या संग्रहालयांत किडीपासून बचावासाठी नमुन्यांवर विषारी द्रव्यांचा प्रयोग करण्याची प्रथा होती. शाळेने त्या वाटेस जाऊ नये. कोरडी, घट्ट झाकणाची पेटी आणि दर महिन्याची पाहणी एवढी दक्षता पुरेशी आहे.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळली पाहिजे. राखीव वनात किंवा अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीवाचून काही तोडू नये. जे एक-दोनच झाड दिसते त्याला हातही लावू नये. शिवनेरी, पुरंदर यांसारख्या कड्यांवर वाढणारी शिंदळमाकुडी महाराष्ट्राबाहेर निसर्गतः कोठेच आढळत नाही. अशा वनस्पतीचे छायाचित्र काढावे, जागा लिहून ठेवावी आणि कळवावे. संग्रह वनस्पतीच्या रक्षणासाठी आहे, तिच्या नाशासाठी नव्हे.

अधिकाऱ्यांनाही येथे सेज्विक व बेल यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवता येईल. रस्ता, तलाव, वीजवाहिनी किंवा खाण यांसाठी जागा निश्चित होते तेव्हा मोजणी होते, मूल्यांकन होते, पंचनामा होतो. त्याच वेळी त्या जागेवरील वनस्पतींची नमुन्यांसह नोंद झाली, आणि ते नमुने जवळच्या महाविद्यालयात ठेवले गेले, तर प्रकल्प थांबणार नाही. काय जात आहे आणि काय वाचविता येईल, हे मात्र वेळेवर कळेल. जोगच्या गवताला ती संधी मिळाली नव्हती.

जिल्ह्या-तालुक्यांतील महाविद्यालयांनी आपापले संग्रह सांभाळणे हे तितकेच निकडीचे आहे. अनेक ठिकाणी एखाद्या निष्ठावंत प्राध्यापकाने वर्षानुवर्षे नमुने जमविलेले असतात. तो निवृत्त होतो, खोली दुसऱ्या कामासाठी हवी असते, आणि कपाट ओलसर जिन्याखाली जाते. वाळवी व कसर उरलेले काम करते. ब्लॅटर यांचा संग्रह शंभर वर्षे टिकला तो आपोआप टिकला नाही. एकामागून एक माणसे तो तपासीत, निवडीत, पुन्हा लावीत राहिली. जेथे अशी माणसे मिळणार नाहीत तेथे निदान संग्रह मोठ्या संस्थेकडे सोपविण्याची व्यवस्था व्हावी.

बंधुभगिनींनो, फादर ब्लॅटर परदेशातून आले, परंतु त्यांनी येथील प्रत्येक गवताला नाव असते आणि त्या नावाला पुरावा लागतो, ही गोष्ट येथेच रुजविली. आता हे काम गावांनी हाती घ्यावयाचे आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येक शाळेने आपल्या शिवारातील निदान वीस वनस्पतींचे नमुने चिठ्ठ्यांसह तयार करावेत. समितीने त्यांची नावे तज्ज्ञांकडून निश्चित करून घ्यावीत, आणि मगच ती गावच्या नोंदवहीत उतरवावीत. वीस नोंदी थोड्या वाटतील. परंतु खऱ्या वीस नोंदींचे दप्तर खोट्या दोनशे नोंदींपेक्षा गावाच्या अधिक उपयोगी पडेल, आणि आणखी शंभर वर्षांनी कोणी ते उघडील तेव्हा आपल्या गावाच्या ओढ्याकाठी काय फुलत होते, हे त्याला आपल्या अक्षरात वाचावयास मिळेल.